सहा हजारांत फेरीबोट

आमच्या शॉर्ट फिल्मचं बजेट ६,००० रुपये. पाच जणांनी वर्गणी काढून जमवलेले. पहिल्या मसुद्यात सात लोकेशन्स होती, त्यात एक जत्रासुद्धा! परवा फोंड्यात चहा-भजी खाता खाता सगळी कापली. बाहेरचं एकच उरलं: गोव्यातली रायबंदर-दिवाडी फेरीबोट. चालत चढणाऱ्याला तिकीट नाही, म्हणजे दिवसभर ये-जा करा.

सोमवारी मोबाईल घेऊन रेकी, म्हणजे शूटिंगआधीची जागेची पाहणी केली. चित्र झकास, पण इंजिनाच्या धडधडीत गोष्टीतल्या आजोबांच्या संवादातलं अक्षर ऐकू येईना. म्हणून बोटीवरचे संवादच काढले. आता आजोबा फक्त खिशातलं पत्र चाचपतात. खरं सांगू? प्रसंग आधीपेक्षा बरा झालाय.

घरातल्या प्रसंगासाठी कॉलर माईक भाड्यानं, दोन दिवसांचे १,०००. ट्यूबलाइटखाली कॅमेऱ्याचं शटर १/५० सेकंदावर ठेवायचं, नाहीतर ५० हर्ट्झच्या विजेमुळे चित्र लुकलुकतं. चेहऱ्यावर उजेड परतवायला रिफ्लेक्टर म्हणजे फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल.

जेवणाचे २,४०० मात्र हलवायचे नाहीत. मागच्या वेळी उपाशी कॅमेरामन दुपारी तीनलाच घरी गेला होता.

आजोबांचं काम करायला शेजारचे काका तयार आहेत. फक्त मिशी काढणार नाही म्हणतात.