पुढचा पेग कधी थांबवायचा

गिऱ्हाईक अडखळायला लागलं की थांबवू, असं म्हणणाऱ्या वेटरला हमखास उशीर होतो. दारू रक्तात पूर्ण चढायला साधारण अर्धा ते दीड तास लागतो; रिकाम्या पोटी लवकर, भरल्या पोटी उशिरा. समोर दिसते ती मघाच्या ग्लासांची नशा. शेवटचे दोन अजून चढायचे असतात.

म्हणून प्रत्येक ग्लासाची वेळ लिहून ठेवा. ४० टक्क्यांच्या ३० मिली पेगात सुमारे साडेनऊ ग्रॅम अल्कोहोल असतं आणि शरीर तासाला ढोबळमानाने ७ ते १० ग्रॅमच पचवतं. कडक कॉफी किंवा थंड पाण्याने हा वेग वाढत नाही. हिशेब सर्वांत जास्त चुकतो तो बिअरचा: ८ टक्क्यांच्या ५०० मिलीत जवळपास ३२ ग्रॅम, म्हणजे तीन पेगांहून जास्त. पेग मेजर न वापरता अंदाजाने ओतलं, तर मोजण्याला अर्थच उरत नाही.

आवाज चढला, तेच वाक्य पुन्हा आलं, पैसे मोजताना बोटं चुकू लागली, की 'रिपीट?' विचारणं बंद. पाणी ठेवा, खायचं विचारा.

नकार द्यायच्या आधी बाकीच्या वेटरांना आणि काउंटरला सांगा, नाहीतर तोच माणूस दुसऱ्याकडून ग्लास मिळवतो. मग त्याच्या बाजूला उभं राहून, मित्रांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात: "साहेब, आज मी तुम्हाला आणखी देऊ शकत नाही. पाणी आणतो, गाडी बोलावतो." 'तुम्हाला चढलीय' म्हणू नका, वाद तिथेच सुरू होतो. अंगाला हात लावू नका, आणि एकदा नाही म्हटल्यावर 'बरं, शेवटचा' तर मुळीच नको. स्वतःच्या गाडीने आला असेल, तर किल्लीचं सोबत्याशी बोला.

तोल जाणं, जीभ जड होणं हे साखर उतरल्यावर, डोक्याला मार लागल्यावर किंवा पक्षाघातातही दिसतं. दोनच ग्लासांत असं झालं, तर नशा समजून सोडू नका.

हाक मारून, हलवूनही जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठाहून कमी असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, उलटी करवू नका, आणि मदत येईपर्यंत कोणीतरी त्याच्याजवळच बसा.