एस्टीमचा मॅनिफोल्ड परत जागेवर, आणि आयडलचा हिशोब

इंजिनाचं हेड (वरचा भाग) फेस मारून, म्हणजे खरडून सपाट होऊन आलं, नवीन पॅकिंगवर बसलं, टायमिंग बेल्ट जुळला, इथपर्यंत मागच्या नोंदीत सांगून झालंय. आता इनटेकची बाजू, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणारा मॅनिफोल्ड. गाडी तीच, मारुतीची एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल देणारी) एस्टीम, जी13बीबी इंजिन, 1,298 सीसी, 16 व्हॉल्व्ह. मूळ तक्रार दोन भागांत होती: उन्हाळ्यात तापणं आणि सिग्नलला आयडल (पाय न देता इंजिनाचा वेग) खालीवर नाचणं. तापण्याचा बंदोबस्त हेडसोबत झाला. नाचण्यासाठी मात्र सगळीकडून एकच सल्ला येत होता, ‘आयडल व्हॉल्व्ह नवीन टाक’, म्हणजे आयडलची हवा सांभाळणारी झडप. अमळनेरच्या वर्कशॉपचे नाना तेवढे वेगळं बोलले: “भाऊ, गाडी हवा खाई ऱ्हायनी. वाल्व काय करी?” म्हणून व्हॉल्व्हचे पैसे खिशातच ठेवले आणि आधी हवा कुठून जातेय ते शोधायचं ठरवलं.

मॅनिफोल्ड काढला तेव्हाच अर्धं उत्तर दिसलं होतं. आधी कोणीतरी जुन्याच पॅकिंगवर लाल सिलिकॉन भरपूर थापलेलं. साधं सिलिकॉन पेट्रोलच्या संगतीत फुगतं, मऊ होतं आणि दाबाखाली आत सरकतं. दोन नंबरच्या पोर्टच्या काठावर त्याची जीभच लोंबत होती. या जागेला कोरडं पॅकिंगच लागतं, वर काही लावायचं नाही.

घासण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा. दोन्ही फेस ॲल्युमिनियमचे. लोखंडी पट्टी तिरकी लागली तर चर पडतो, आणि तो चर म्हणजे पुढची गळती. प्लास्टिकची पट्टी, पॅकिंग रिमूव्हर आणि सबुरी. ड्रिलला लावायच्या घासणीच्या चकत्या कितीही मोहात पाडोत, उघड्या इंजिनाजवळ आणू नका. त्यांची भुकटी पोर्टमधून किंवा ऑइलच्या वाटेने बेअरिंगपर्यंत पोचते. पोर्टमध्ये स्वच्छ कापडाचे बोळे कोंबून ठेवले. कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे मागे राहतात.

आता आपल्या भागाची खास गोष्ट. या मॅनिफोल्डमधून कूलंटही फिरतो. त्या भोकाभोवती पांढरी पूड आणि खड्डे होते. चोपडा-यावल-रावेरच्या पट्ट्यात गाडी वर्षानुवर्षं बोअरच्या पाण्यावर चालली की हेच होतं: क्षार साचतात आणि ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातं. रेडिएटरला पाणी कुठलंही चालतं असं म्हणणाऱ्यांना हा फेस दाखवायला हवा. माझ्याकडे खड्डे भोकाच्या आतल्या कडेपर्यंतच थांबले होते, पॅकिंग जिथे दाबून बसतं ती कडी शाबूत होती. कडीपर्यंत गेले असते तर वेल्डिंग करून फेस मारण्यावाचून इलाज नव्हता. सरळ पट्टी उभी, आडवी, तिरकी ठेवून फीलर गेज (ठरावीक जाडीचं पातं) सरकवून पाहिला. मर्यादा 0.10 मिमीची, माझ्याकडे 0.05 चं पातंही कुठे शिरेना. काम पुढे.

बसवताना आधी सगळे नट बोटांनी बसवले, मग मधून बाहेरच्या दिशेने टप्प्याटप्प्याने आवळले. शेवटी टॉर्क पान्याने 23 न्यूटन-मीटर. खालच्या नटांना हात जात नाही. 12 ची गोटी (सॉकेट), लांब एक्स्टेन्शन आणि वाकणारा जॉइंट लागतो, आणि जॉइंट जास्त वाकला की टॉर्कचं रीडिंग फसवं होतं. सरळ रेषेत धरता येईल अशी जागा शोधण्यात पाठीचा पार भुगा झाला.

हेड फेस मारलं असेल त्यांनी एक लक्षात ठेवा. मॅनिफोल्डला खालून ब्लॉकवर टेकवणारा ब्रॅकेट असतो. हेड खरडल्यावर ते केसभर खाली येतं, त्याच्यासोबत मॅनिफोल्डही. ब्रॅकेट आधी आवळला तर तो मॅनिफोल्डला वर रेटतो आणि नवीन पॅकिंगवर तिरका ताण येतो. म्हणून ब्रॅकेट ढिला सोडायचा आणि सगळ्यात शेवटी आवळायचा.

इंजेक्टरच्या ओ-रिंग नवीन, इंजिन ऑइलचं बोट फिरवून बसवल्या. बसल्यावर इंजेक्टर हाताने फिरला पाहिजे, अडकला तर रिंग मुरगळलीय समजा.

आयडल व्हॉल्व्ह उघडला तेव्हा आत डांबरासारखा काळा थर. क्रॅंककेसमधून (इंजिनाच्या खालच्या पोटातून) येणारी ऑइलची वाफ आणि आपल्याकडची धूळ मिळून हे तयार होतं. धूळ म्हणजे कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यावरून गेलात तर सांगायला नको. साफ करताना हवेच्या वाटेचं तोंड खाली धरायचं, क्लीनर मारायचा, म्हणजे घाण बाहेर गळते आणि द्रव मोटरच्या गुंडाळीत जात नाही. बुडवून ठेवायचा नाही. आतला भाग पकडीने ओढायचा नाही. पूर्ण वाळला की नवीन रबर रिंग लावून परत बसवला. कनेक्टर चावी बंद असतानाच लावला.

थ्रॉटल बॉडीवर (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेचं घर) आणखी एक जुनी करामत निघाली: थ्रॉटल स्टॉप स्क्रूवरचा कारखान्याचा रंग तुटलेला. आयडल पडतं म्हणून कोणीतरी स्क्रू पिळून झडपच उघडी ठेवली होती. असं केलं की थ्रॉटल मिटलाय हे ईसीएमला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) कळत नाही, आणि ज्या व्हॉल्व्हने आयडल सांभाळायचं तो कामालाच लागत नाही. झडप पूर्ण मिटेल पण घराला घासणार नाही इतका स्क्रू मागे घेतला.

स्टार्ट. पहिल्या सेल्फला घेतली, आणि गरम झाल्यावरही आरपीएमचा काटा 1,400 वरून हलेना. या इंजिनाला मॅप सेन्सर आहे, म्हणजे हवा मोजली जाते ती मॅनिफोल्डमधल्या दाबावरून. चोरवाटेने आलेली हवाही त्या दाबात दिसते, ईसीएम तिच्या मापाचं पेट्रोल देतो आणि गाडी खुशाल जोरात आयडल होते. हवा वाटेतच मोजणारा एअर-फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत तीच गळती उलट वागते, मिश्रण पातळ होऊन इंजिन थरथरतं. आणि गळती एकाच पोर्टपाशी असेल तर मॅपवालीतही तो एकच सिलिंडर उपाशी राहतो. माझे चारही सिलिंडर सारखे चालत होते, फक्त जोरात. म्हणजे नवीन पॅकिंग निर्दोष, हवा सगळ्यांना सामाईक अशा जागेतून जातेय.

उदबत्ती फिरवून बघ, धूर ओढला जाईल तिथे गळती, असा एक सल्ला आला. पेट्रोल वाहणाऱ्या फ्युएल रेलच्या शेजारी निखारा मी तरी नेणार नाही. तापलेल्या इंजिनावर कार्ब क्लीनर फवारणंही मे महिन्यात नको. एकेक व्हॅक्यूम पाइप कापडात गुंडाळून पकडीने दाबत गेलो. ब्रेक बूस्टरचा दाबला, फरक नाही. कॅनिस्टरचा (टाकीतली पेट्रोलची वाफ धरणारा डबा), फरक नाही. पीसीव्हीचा, म्हणजे क्रॅंककेसमधली वाफ मॅनिफोल्डमध्ये नेणाऱ्या वाटेचा कोपरा दाबला आणि काटा धाडकन खाली. वरून धडधाकट दिसणारा रबरी कोपरा खालच्या बाजूने उभा चिरलेला. जळगाव-भुसावळकडच्या उन्हात बॉनेटखालचं रबर असंच जातं, तेव्हा एक बदलताना बाकीचेही बदला. मी सगळे बदलले.

त्यानंतर आयडल 800-850 मध्ये आलं, पण मधूनच एक उसळी. हे कूलंटमधल्या हवेमुळे. तापमान सेन्सरपाशी बुडबुडा अडकला की सेन्सर कधी पाण्यात, कधी वाफेत, आणि ईसीएम कधी थंड समजतो कधी गरम. पुढची चाकं उतारावर वर करून, हीटर पूर्ण उघडा ठेवून, डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेला कूलंट हळूहळू भरत पंखा सुरू होईपर्यंत चालू ठेवली. उसळी गेली. थ्रॉटल बॉडीला जाणारी कूलंटची बारीक नळी ‘आपल्याकडे बर्फ पडतो का’ म्हणून बायपास करतात, मी केली नाही. काही गाड्यांत थंड इंजिनाचं जादा आयडल मेणाच्या गोळीवर चालतं. ती तापलीच नाही तर आयडल कायम चढलेलं.

परीक्षा कन्नड घाटात. पारोळा, भडगाव, चाळीसगाव करत गेलो. चढाला काही कळत नाही, खरी कसोटी उतरताना. थ्रॉटल बंद, दुसरा गिअर, मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम ताणलेला, आणि तसाच क्लच दाबायचा. व्हॉल्व्ह अडकत असेल तर गाडी तिथेच बंद पडते. काटा 1,000 पर्यंत येऊन सावकाश 850 ला बसला, दर वळणावर तसाच. जुनाच व्हॉल्व्ह.

एसी लावला की मात्र आयडल क्षणभर 650 पर्यंत दबतं आणि मग सावरतं. रात्री हेडलाइट चालू असताना जास्त, म्हणून संशय अल्टरनेटरच्या चार्जिंगवर आणि इंजिनाच्या अर्थ वायरवर. वायर हिरवी पडलीय. तिच्यापासून सुरुवात करतो.