मागच्या हिवाळ्यात किती वेळा चुकलात?

"किमतीचं नंतर बघू. मागच्या हिवाळ्यात तुमचा अंदाज किती वेळा चुकला, ते आधी दाखवा."

समोरचा माणूस स्वित्झर्लंडमधल्या ऊरी कँटनमध्ये, म्हणजे इथल्या एका राज्यात, बर्फ हटवायची कंत्राटं घेतो (काश्मीरमधलं उरी नव्हे, गोटहार्ड बोगद्याच्या उत्तर तोंडाचं). हॉटेलांची आवारं, कारखान्यांची पार्किंग, गावांतले आतले रस्ते असं त्याचं काम. मी त्याला विकायला गेले होते ते इतकंच: तुमच्या या या जागी, पहाटे किती वाजता, किती सेंटिमीटर बर्फ पडेल. आपल्याकडे वेधशाळेवर विनोद होतात, पण वेधशाळेकडे कुणी हिशेब मागितलेला मी पाहिला नव्हता. बरं, याच्या आवाजात टोमणाही नव्हता. जुना ट्रॅक्टर घेताना किती तास चाललाय हे विचारावं, तसा सूर.

आमच्या हवामान कंपनीच्या माहितीपत्रकावर अचूकतेची टक्केवारी ठळक अक्षरांत छापलेली आहे. त्याने त्यावर बोट ठेवून विचारलं, "यात कोरडे दिवस धरलेत का?"

धरलेत. सगळेच धरतात. १८८४ साली अमेरिकेत फिनली नावाच्या अधिकाऱ्याने टोर्नेडोचे अंदाज दिले आणि ते ९६.६ टक्के बरोबर आल्याचं जाहीर केलं. गिल्बर्ट नावाच्या भूवैज्ञानिकाने लगेच दाखवून दिलं की रोज डोळे मिटून "टोर्नेडो येणार नाही" असं म्हटलं असतं, तर ९८.२ टक्के बरोबर आलं असतं. आमच्या हवामानतज्ज्ञांना ही गोष्ट तोंडपाठ असते. विक्रीवाल्यांना ती कुणी सांगत नाही, आणि दरीतल्या एका कंत्राटदाराला ती न सांगताच कळलेली असते!

त्याला दोनच रकाने हवे होते. पडेल म्हणालात आणि पडला नाही, अशा रात्री किती. पडणार नाही म्हणालात आणि पडला, अशा किती. या दोहोंची त्याच्या लेखी किंमत एक नाही. समजा, माणसं आणि गाड्या रात्री बाहेर काढायला त्याला हजार फ्रँक लागतात आणि न काढल्याने दहा हजारांचं नुकसान होतं. मग बर्फाची शक्यता दहा टक्क्यांच्या वर गेली की त्याने निघायलाच हवं. दहापैकी आठ रात्री हात हलवत परत आला तरी तो फायद्यात. रोपवे चालवणाऱ्यांचं गणित वेगळं. लख्ख उन्हाच्या रविवारी वाऱ्याच्या नुसत्या शंकेवर पाळणे थांबवणं त्यांना परवडत नाही, आणि वारा खरंच उठणार असेल तर माणसं वर सोडून चालत नाही. म्हणजे "तीस टक्के शक्यता" हा एकच आकडा घेऊन मी दोन दारांत उभी राहिले, तर एकीकडे "निघा" म्हणून सांगावं लागतं आणि दुसरीकडे "थांबून बघा". हे मला ऑफिसच्या प्रशिक्षणात नाही, गिऱ्हाइकांच्या टेबलावर कळलं. मराठी माणसाला धंदा जमत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा इकडे येऊन बघावं, असंही मला त्या वेळी वाटून गेलं.

दुसरा प्रश्न मात्र आताशा डोक्यात जातो. २०२५ च्या मे महिन्यापासून मेटिओस्विस या इथल्या सरकारी हवामान खात्याने आपली आकडेवारी सगळ्यांना फुकट खुली केली. पाच रडार आहेत, त्यातलं एक जवळजवळ तीन हजार मीटरवर हिमनदीच्या काठी. अंदाज काढणारं त्यांचं सगळ्यात बारीक संगणकी मॉडेल नकाशाच्या एक-एक किलोमीटरच्या चौकटी पाडून हिशेब करतं. तेव्हापासून ज्याच्या त्याच्या तोंडी एकच: सरकार फुकट देतं, तुम्हाला पैसे कसले?

आता ऐकाच. दरीचा तळ कुठेकुठे जेमतेम किलोमीटर-दीड किलोमीटर रुंद असतो. म्हणजे अख्खा तळ एक-दोन चौकटींत संपला, आणि बाजूचा कडा मॉडेलमध्ये घासून गुळगुळीत केलेला उतार होतो. शाळेत शिकलो तसं शंभर मीटर चढलं की साधारण ०.६ अंशांनी तापमान उतरतं, हे इथल्या हिवाळ्यात कित्येक रात्री साफ खोटं ठरतं. थंड हवा जड असते, ती तळाशी साचते आणि उतारावरचं गाव खालच्या गावापेक्षा उबदार राहतं. त्याहून अवघड प्रकरण हिमरेषेचं, म्हणजे ज्या उंचीच्या वर बर्फ आणि खाली पाऊस पडतो तिचं. अरुंद दरीत जोराची वृष्टी सुरू झाली की पडता बर्फ वितळताना आजूबाजूच्या हवेची उष्णता ओढून घेतो, हवा गार होते आणि हिमरेषा बघता बघता काहीशे मीटर खाली सरकते. ज्या पार्किंगमध्ये पाऊस पडणार होता तिथे घोटाभर बर्फ. उघड्या दरीत हे सहसा होत नाही, कारण तिथे बाहेरची हवा येऊन मिसळते. कुठली दरी कशी वागते, हे वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्याशिवाय समजत नाही. पैसे त्याचे.

आणि फॉन वारा. भूगोलात एका ओळीचा होता, इथे तो अख्खं वेळापत्रक उधळून लावतो. दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून येतो, उतरताना तापतो, सुकतो, आणि ऐन थंडीत ऊरीतल्या आल्टडॉर्फमध्ये कोट काढायची पाळी आणतो. जुने लोक त्याला फार भितात, आणि ते खरंच आहे. १८६१ च्या मे महिन्यात ग्लारुस गावात आग लागली ती या वाऱ्याने भडकवली आणि गावाचा बराचसा भाग बेचिराख झाला. आम्ही आल्प्सच्या दक्षिणेचं लुगानो आणि उत्तरेचं झ्युरिक यांच्या हवेच्या दाबातला फरक बघून तो येणार हे बऱ्यापैकी सांगतो. पण तो तळापर्यंत कधी उतरेल, की साचलेल्या थंड हवेच्या डोक्यावरूनच निघून जाईल, हे सांगायला रात्री कुणीतरी जागं असावं लागतं. बांधकामाच्या क्रेनवाल्याला तो तासच हवा असतो.

स्की रिसॉर्टची मंडळी त्या मानाने समंजस. कृत्रिम बर्फासाठी नुसतं तापमान पुरत नाही, वेट बल्ब तापमान, म्हणजे हवेतला ओलावाही धरणारं तापमान, लागतं, हे त्यांना ठाऊक असतं. हवा कोरडी असेल तर शून्याच्या किंचित वरही यंत्रं चालतात, दमट असेल तर उणे एकलाही हात चोळत बसायचं. ते घासाघीस करतात, पण "कसले पैसे" म्हणत नाहीत.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, बघा, स्विस लोक किती पुढे. थांबा जरा. आपलं हवामान खातं १८७५ चं, इथलं केंद्रीय कार्यालय १८८१ चं. त्याचं पुण्यातलं सिमला ऑफिस १९२८ पासून उभं आहे. आख्खा स्वित्झर्लंड ४१ हजार चौरस किलोमीटरांचा, महाराष्ट्र एकटा तीन लाखांच्या वर. त्यात आपला पाऊस मोसमी, ढग दुपारी फुगतात आणि संध्याकाळी कुठल्यातरी एकाच तालुक्यावर रिकामे होतात. असा पाऊस जगात कुणालाच धड सांगता येत नाही. २०२५ च्या त्याच मे महिन्यात आपलं नवं मॉडेल आलं, सहा किलोमीटरच्या चौकटींचं. एवढ्या मोठ्या देशासाठी ते थोडं नाही. हो, सह्याद्रीत सहा किलोमीटर कमी पडतात, मान्य. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि खाली वाईत त्याच्या पाव हिस्साही नाही. पण म्हणून इथल्या कुणी नाक मुरडलेलं मी खपवून घेत नाही. मी स्वतः मुरडलं तर गोष्ट वेगळी.

साताऱ्याचा मामेभाऊ हे फोनवर ऐकत होता. म्हणाला, "ताई, मग हेच इकडे येऊन विक ना. घाट आपल्याकडेही आहेत."

मी म्हटलं, आपल्याकडे अंदाजाला पैसे कोण देणार?

"नाशिकचे द्राक्षवाले देतात की. बागेत स्वतःची यंत्रं बसवून घेतात."

द्राक्षवाल्यांची गोष्ट वेगळी, मी म्हटलं. त्यांचा माल निर्यातीचा, रोगाची फवारणी एक दिवस चुकली तर काय होतं ते त्यांना माहीत असतं. तो म्हणाला, मग स्ट्रॉबेरीवाल्यांना नसतं का? मी म्हटलं, तिकडे वसुली कोण करणार, शिवाय इथे सप्टेंबर म्हणजे हिवाळ्याचे करार व्हायचा महिना, आत्ता मला सुचतही नाहीये. आणि हे खरंच आहे. त्या कंत्राटदाराला दोन रकान्यांचा तक्ता पाठवलाय, त्याने आता तो गावागावानुसार वेगळा मागितलाय.