केवड्याची ओळ आणि ४५ दिवस

द्राक्ष बागायतदारांसाठी मी एक छोटी वेबसाइट चालवतो. तिच्यात वाचण्यासारखं काही नाही, असं घरचेच म्हणतात. तालुकावार हवामान, पानं किती तास ओली राहतील याचा अंदाज आणि त्यावरून आज फवारणी घ्यायची की थांबायचं, एवढाच माल. पण ऑक्टोबर छाटणी उरकली आणि आभाळ भरून आलं, की निफाड-दिंडोरीपासून तासगाव-पलूसपर्यंतचे लोक पहाटे पाचला ते पान उघडून बसतात. पोंगा, म्हणजे कोंब फुटण्यापासून फुलोऱ्यापर्यंतच्या काळात डाऊनी, म्हणजे केवडा हा रोग, घडावर गेला तर वर्ष हातचं गेलं.

अशा वेळी त्या माणसाला गूगलची आपोआप येणारी जाहिरात काय दाखवते, तर पुण्यातला टू बीएचके आणि पाच मिनिटांत कर्ज! आणि गूगलच्या या जाहिरातसेवेचे, म्हणजे अ‍ॅडसेन्सचे शंभर डॉलर साठेपर्यंत खात्यात दमडी येत नाही. म्हणून थेट जाहिरातदार गाठायचं ठरवलं होतं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये नाशिकच्या एका कृषी निविष्ठा कंपनीनं स्वतःहून भेटायला बोलावलं.

समोर मार्केटिंगचे साहेब, शेजारी अकाउंट्सच्या मॅडम. चहा यायच्या आधीच साहेबांनी आकडा टाकला. "फेसबुकवर आम्हाला हजार लोक साठ रुपयांत मिळतात. तुमच्या पानाला महिन्याला सव्वा लाख व्ह्यूज धरले, तर साडेसात हजार होतात. त्याच्यावर कसं जाणार?"

हिशेब बिनचूक होता आणि नेमकी तीच अडचण होती. हजारी भावात शिरलो, की मोठ्यांशी गाठ. तिथं आपण हरणारच. मी मोबाइलवर ॲनालिटिक्स उघडून त्यांच्यापुढे सरकवला. आदल्या हंगामातले ढगाळ दिवस दाखवले. तो आलेख सपाट चाललेला असतो आणि ढग आले, की ताडासारखा उभा राहतो, तोही पहाटे पाच ते सातमध्येच. "साहेब, फेसबुकवरच्या हजारांत बाग असलेले किती? आणि त्यातले किती जण त्या वेळी पंप भरायच्या तयारीत असतात? मी व्ह्यूज विकत नाही. अंदाजाच्या खालची जागा ऑक्टोबर ते डिसेंबर विकतो. तिथं एकच जाहिरात लागेल. महिन्याला तीस हजार."

साहेब हसले. मग मॅडमही हसल्या. मी हसलो नाही. एकदा दर सांगितला, की गप्प बसायचं. आपण बोलायला लागलो, की आपणच तो खाली आणतो.

मग त्यांनी बॅनर दाखवला. पिकलेल्या काळ्याभोर द्राक्षांचा घड, मागे कुठल्यातरी परदेशी बागेच्या रांगा. मी म्हटलं, ऑक्टोबरात आमच्याकडे घड दिसतो तो काडीपेटीच्या काडीएवढा, आणि तो जिरतोय की राहतोय याच्या काळजीत माणूस असतो. हा फोटो बघून लोक हसतील. साहेबांनी वहीत लिहून घेतलं. माझ्या मते सौदा तिथंच अर्धा झाला. दर ऐकून कोणी हलत नाही. पण हा माणूस आपली जाहिरात वाया जाऊ देणार नाही, असं वाटलं की हलतं.

खरी खडाजंगी मात्र बॅनरवरच्या ओळीवरून झाली. मोठ्या अक्षरांत होतं : 'केवड्याला रोखा, आत्ताच!' डबीवर पाहिलं, तर माल बायोस्टिम्युलंट. हे पदार्थ २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आलेत. झाडाचा जोम, ताण सहन करणं, इथवर बोला. रोग रोखतो म्हणायचं, तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालची नोंदणी लागते, आणि ती यांच्याकडे नव्हती.

"तुम्ही छापखाना आहात, मजकूर आमचा," साहेब म्हणाले.

"पान माझं आहे. वर अंदाजात मी केवड्याचा धोका सांगणार आणि खाली तुम्ही रोखतो म्हणणार. वाचणाऱ्याला ते माझंच बोलणं वाटेल. बुरशीनाशक न घेता कोणी हेच मारलं तर?"

मग ते हळूच म्हणाले, "बॅनर राहू द्या. तुमच्या नावानं एक लेख टाका. वर 'जाहिरात' लिहू नका, त्याचे वेगळे पंधरा हजार देतो."

पंधरा हजार म्हणजे माझा सर्व्हरचा वर्षाचा खर्च निघतो, हे कबूल. पण २०१० ला क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांपायी युरोपनं आपली द्राक्षं अडवली, तेव्हाच्या झळा आमच्या भागात अजून कोणी विसरलेलं नाही. काय मारलं आणि कोणाच्या सांगण्यावरून मारलं, हे इथं नीट लक्षात ठेवतात. नाही म्हणालो.

लेख गेला आणि ओळही गेली. 'ताणाच्या दिवसांत वेलीला साथ' असं मिळमिळीत काहीतरी ठरलं. वर बारीक अक्षरांत 'जाहिरात', आणि लिंकला स्पॉन्सर्डचा टॅग. दर बावीस हजारांवर आला.

मग मॅडमनी फॉर्म पुढे केला. जीएसटी नंबर? उलाढाल २० लाखांच्या आत, म्हणून नाही. क्रेडिट? "आमच्याकडे नव्वद दिवसांची पद्धत आहे." मी उद्यमचं, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचं प्रमाणपत्र काढून ठेवलं. लघुउद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नसेल तर १५. उशीर झाला, तर तेव्हाच्या आयकर कायद्याच्या ४३ बी (एच) कलमामुळे पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला करात तो खर्च धरता येत नव्हता. हे मॅडमना माझ्याहून चांगलं माहीत होतं. त्यांनी नव्वदवर काट मारली, साहेबांकडे न बघता.

एकूण ६६ हजार, निम्मे आगाऊ. पहिला हप्ता ३३ हजारांचा. एक टक्का टीडीएस, म्हणजे ३३० रुपये कापून ३२,६७० आले. दुसऱ्याला मात्र दोनदा फोन करावा लागला.

डिसेंबरच्या शेवटी साहेबांचाच फोन. एप्रिलच्या खरड छाटणीला तीच जागा हवी होती, पण "या वेळी थोडं कमी करा, तेव्हा ढग कुठं असतात?"

मुद्दा बरोबर होता. म्हटलं, पंधरा. ते बारा म्हणाले. तेराला ठरलं.