मनाला केऑस थिअरी लागू पडते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी संख्याशास्त्र शिकवते आणि मानसशास्त्राची मुलं प्रबंधाचा विषय ठरवायला आली की हमखास विचारतात, “मॅडम, केऑस थिअरी वापरून मनाचा, समाजाचा अभ्यास करता येतो का?” केऑस थिअरी म्हणजे ठरावीक नियमांनी चालणाऱ्या, पण सुरुवातीच्या बारीकशा फरकानेही पुढे पार वेगळ्या वाटेला जाणाऱ्या गोष्टींचं गणित. त्याने अभ्यास करता येतो. पण आधी मी त्यांना 2.9013 या आकड्याची गोष्ट ऐकवते.

2005 साली बार्बरा फ्रेडरिक्सन आणि मार्शियल लोसाडा यांनी ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात दावा केला, की सकारात्मक आणि नकारात्मक भावनांचं गुणोत्तर 2.9013च्या वर गेलं की माणूस बहरतो. दशांशचिन्हापुढे चार आकडे! तापसुद्धा आपण इतका बारीक मोजत नाही. हे गणित केऑसचा पाया घालणाऱ्या हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झच्या समीकरणांवर उभं होतं. ती मुळात खालून तापवलेल्या द्रवाच्या अभिसरणाची. लोसाडांनी चलांना भावनांची नावं दिली आणि 10 व 8/3 हे स्थिरांक तसेच ठेवले. भावनांना ही समीकरणं का लागू व्हावीत, याचा पत्ता नव्हता. तरी आकडा आठ वर्षं दिमाखात मिरवला. 2013 मध्ये निक ब्राउन, ॲलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी त्याच नियतकालिकात त्याची चिरफाड केली. ब्राउन तेव्हा पदव्युत्तर वर्गातला अर्धवेळ विद्यार्थी होता, हे मी मुलांना मुद्दाम सांगते. मूळ लेखातला गणिती मॉडेलचा भाग नंतर मागे घेण्यात आला.

याउलट 2016 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी एकाच माणसाचा अभ्यास छापला. वय 57, नैराश्याचा जुना रुग्ण, औषधाचा डोस हळूहळू कमी होत होता. 239 दिवस, दिवसातून दहा वेळांपर्यंत त्याने मनःस्थितीच्या नोंदी केल्या. नैराश्य पुन्हा उसळण्याआधी नोंदींमधली चढउतार वाढली होती आणि एकदा बिघडलेला मूड पुढच्या नोंदीपर्यंत रेंगाळायला लागला होता. काटेकोरपणे बोलायचं तर हे केऑस नव्हे, त्याच घराण्यातलं गणित. पण एका रुग्णावरून नियम बांधता येत नसला तरी हे काम मला भावतं, कारण इथे आधी मोजमाप आहे.

खरा केऑस आणि निव्वळ गोंगाट, म्हणजे योगायोगाने होणारे चढउतार, वेगळे काढायला लांबलचक, दाट नोंदी लागतात. मुलांच्या हातात असतो एकदाच भरून घेतलेला गूगल फॉर्म. त्यावर सहसंबंध काढा, टी-टेस्ट करा, खुशाल. आणि प्रस्तावनेत ‘फुलपाखराचे पंख’ (ते फडफडले की दूर कुठेतरी वादळ येतं, ही केऑसची ठरलेली उपमा) आले, की मी लाल पेनाने खोडते.