ट्रेडमार्कच्या अर्जातील वापराचा रकाना : माझा अनुभव

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील आमच्या लहान कारखान्यात शेतीपंपांचे फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाशी बसणाऱ्या आणि पाणी खाली उतरू न देणाऱ्या झडपा, तयार होतात. वडिलांनी सुरू केलेले हे काम आता मी पाहते. आमच्या नावाचा नकली माल बाजारात येऊ लागल्यावर आम्ही ट्रेडमार्कची नोंदणी करायला घेतली आणि ती अखेर मिळालीही. परंतु अर्जातील एका रकान्यामुळे हे काम जितके रखडले, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

नक्कल किती बेमालूम होती, हे आधी सांगते. शिरोळ तालुक्यातील एका दुकानदाराने खराब माल म्हणून परत पाठवलेला व्हॉल्व्ह आमच्या मिस्त्रींनी हातात घेतला, अंगावरच्या ओतीव अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, ह्यो आपल्याच मालावरनं साचा उठवलाय." ओतलेले बीड थंड होताना सुमारे 1 टक्का आकसते, म्हणून वाळूत साचा पाडण्यासाठीचा लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, मुळातच तेवढा मोठा ठेवावा लागतो. नक्कल करणाऱ्याने पॅटर्न बनवण्याचा खर्च वाचवून आमचा तयार व्हॉल्व्हच वाळूत दाबला होता. त्यामुळे त्याची प्रत जागोजाग किंचित लहान आली होती आणि आमच्या नावाच्या अक्षरांच्या कडा बोथट झाल्या होत्या. व्हर्नियर लावल्यावर 200 मिलिमीटरच्या मापात 2 मिलिमीटरचा फरक निघाला. आत गनमेटल या न गंजणाऱ्या मिश्रधातूच्या रिंगऐवजी साधी लोखंडी रिंग होती. ती गंजली की झडप नीट बसत नाही, सक्शन पाइपमधील पाणी रात्रीतून उतरते आणि वीज आल्यावर पंप पाणी उचलत नाही.

रात्रीच्या पाळीत नदीकाठी उभा असलेला शेतकरी त्या वेळी व्हॉल्व्हवरचे नाव वाचतो आणि ते नाव आमचे असते. नकली मालाने विक्री घटते, एवढेच लोक धरून चालतात. पण विक्रीपेक्षा जास्त नुकसान या परत येणाऱ्या तक्रारींनी केले. आपला नसलेला माल बदलून द्यावा, तर पदरचे पैसे जातात आणि न द्यावा, तर दुकानदार तुटतो. शिवाय तोच दुकानदार नकली मालाचा भाव पुढे करून आमच्याकडे सवलत मागतो. अंगाची जाडी कमी करून त्या भावात माल देण्याचा सल्ला आम्हाला आमच्याच माणसांनी दिला होता. वडिलांनी तो मानला नाही, याचा मला अभिमान आहे.

नाव आधी कोणी नोंदवले आहे का, हे ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. नोंदणीसाठी मालाचे वर्ग ठरलेले आहेत; यंत्रे आणि पंपांचे भाग वर्ग 7 मध्ये येतात. अर्जाचा नमुना टीएम-ए आहे आणि लहान उद्योगाला उद्यम प्रमाणपत्र (लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा दाखला) जोडल्यास ऑनलाइन अर्जासाठी 9,000 ऐवजी 4,500 रुपये पडतात. हे सगळे सुरळीत झाले.

घोळ झाला तो वापराच्या रकान्यात. हे नाव कधीपासून वापरात आहे, याची तारीख तेथे द्यायची असते किंवा ते पुढे वापरण्याचा विचार आहे, असे लिहायचे असते. तारीख दिली की वापराचे प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. आमच्या एजंटाने ती कटकट टाळण्यासाठी, मला न विचारता, पुढे वापरणार असा पर्याय निवडला. वडिलांच्या उमेदीपासून बाजारात असलेले नाव अशा रीतीने कागदावर अजून जन्मालाच आले नव्हते. पुढे ट्रेडमार्क कार्यालयाचा तपासणी अहवाल आला आणि त्यात ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 11 खाली, आधी दाखल झालेल्या मिळत्याजुळत्या नावाचा हवाला होता. तो अर्ज नक्कल करणाऱ्याचाच होता आणि आमच्याआधी काही आठवड्यांपूर्वीच दाखल झाला होता. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते; त्यातले बरेच दिवस एजंटाने फोन न उचलण्यात घालवले.

कायदा या बाबतीत मूळ उत्पादकाच्या बाजूने आहे. आधीपासून अखंड वापर करणाऱ्याचा हक्क ट्रेडमार्क कायदा, 1999 मधील कलम 34 जपते आणि नंतर आलेल्याने केवळ नोंदणी मिळवली म्हणून तो बुडत नाही. मात्र आमच्या स्वतःच्याच अर्जात वापर नसल्याचे लिहिले असताना हा मुद्दा मांडायचा कोणत्या तोंडाने? नव्या वकिलांनी जुना अर्ज मागे घेऊन वापराच्या तारखेसह नवा अर्ज करायला सांगितले. भरलेले शुल्क गेले आणि अर्जाची तारीखही गेली.

मग पुराव्यांचा शोध सुरू झाला. जुन्या बिलबुकांच्या थप्प्या माळ्यावर होत्या, परंतु बिलांवर "फू. व्हॉ. 3 इंच, नग 12" एवढेच लिहिलेले असे, त्यातून व्यवसाय सिद्ध होतो, नावाचा वापर सिद्ध होत नाही. आमच्या धंद्यात नाव बिडात ओततात, कागदावर कोणी लिहीत नाही. शेवटी उपयोगी पडले ते पॅटर्नवर अक्षरे बसवणाऱ्या कारागिराचे तारखेसह जुने बिल, कृषी प्रदर्शनातील स्टॉलची पावती आणि तेथे वाटलेले माहितीपत्रक, छापखान्याची पावती आणि सांगली व निपाणीच्या दुकानदारांची नाव लिहून माल मागवणारी पोस्टकार्डे. त्या कार्डांवरचे टपालाचे शिक्के पाहून वकिलांनी ती सर्वांत वर लावली. अशी कागदपत्रे तुमच्याकडे असतील, तर रद्दीत घालण्यापूर्वी थांबा.

दरम्यान नक्कल करणाऱ्याचा अर्ज ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. जर्नल दर सोमवारी निघते आणि प्रसिद्धीनंतर 4 महिन्यांत टीएम-ओ नमुन्यात, 2,700 रुपये ऑनलाइन भरून, हरकत घेता येते. ही मुदत वाढवून मिळत नाही. आम्ही हीच कागदपत्रे जोडून हरकत घेतली. तिचे उत्तर 2 महिन्यांत न दिल्यास अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. त्याने उत्तर दिले नाही. देण्यासारखे त्याच्याजवळ काही नव्हतेच. तो अर्ज संपल्याचे संकेतस्थळावर अर्जाची स्थिती पाहताना कळले, त्या दिवशी मी कारखान्यात सर्वांना पेढे वाटले.

त्यानंतर व्हिडिओवरील सुनावणी, आमच्या अर्जाची प्रसिद्धी आणि प्रमाणपत्र हे टप्पे विनासायास पार पडले. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून 10 वर्षांसाठी असते. मध्ये राहिलेली एक गोष्ट : प्रमाणपत्र हाती येईपर्यंत वर्तुळातील आर हे चिन्ह मालावर घालू नका, ते बेकायदेशीर आहे, टीएम ही अक्षरे मात्र पहिल्या दिवसापासून चालतात. दाव्यासाठी नक्कल करणाऱ्याच्या गावी जावे लागेल, ही भीतीही नको, कारण कलम 134 नुसार आपला व्यवसाय जेथे चालतो तेथील जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. बनावट ट्रेडमार्क वापरणाऱ्यास कलम 103 खाली 6 महिने ते 3 वर्षांचा कारावास आणि 50,000 ते 2 लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. वकिलांच्या नोटिशीत ही कलमे वाचल्यावर दोन दुकानदारांनी नकली माल फळीवरून उतरवला. तिसऱ्याने अजून उतरवलेला नाही आणि त्याच्यावरील दाव्याची कागदपत्रे तयार होत आहेत. या वेळी प्रत्येक पान मी स्वतः वाचूनच सही करते, आणि आमच्या बिलाच्या प्रत्येक ओळीत आता मालाच्या आधी नाव छापलेले असते.