राजापुरी शोधलं आणि बेदाणा वर आला

एप्रिल महिना, सांगलीत हळदीचे सौदे जोरात. एका अडत पेढीच्या जुन्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाचे कागद) शोधायच्या यंत्रणेचं काम नुकतंच आमच्याकडे आलं होतं. सकाळीच तिथल्या दिवाणजींचा फोन. ‘‘ताई, ‘राजापुरी’ टाकलं की पहिली बेदाण्याची पट्टी येतीय. राजापुरी म्हटल्यावर हळदच की! गिऱ्हाईक समोर बसलंय.’’

पेढीवर जाऊन पाहिलं. खरंच, हळदीच्या ढीगभर पट्ट्या खाली आणि सगळ्यांच्या वर बेदाण्याची एक छोटी पट्टी. शेऱ्यात लिहिलेलं: ‘परतीच्या गाडीत राजापुरी दोन पोती भरणे.’ एवढाच काय तो संबंध.

आधीच्या मंडळींनी मालाप्रमाणे इंडेक्स, म्हणजे शोधायची सूची, वाटला होता: हळद, बेदाणा, गूळ. प्रत्येकाला वेगळा सर्व्हर. ऐकायला सोयीचं वाटतं. पण यंत्रणेमागच्या इलॅस्टिकसर्च या शोध-सॉफ्टवेअरमध्ये सूचीचा प्रत्येक तुकडा, म्हणजे शार्ड, आतून ल्युसीन या शोध-लायब्ररीचा स्वतंत्र इंडेक्स असतो, आणि एखादा शब्द किती दुर्मिळ हे तो आपल्यापुरतंच मोजतो. दुर्मिळ शब्दाला गुण जास्त. हळदीच्या शार्डात ‘राजापुरी’ जिकडेतिकडे, म्हणून त्याला मोल नाही. बेदाण्याच्या शार्डात तो क्वचित, म्हणून तिथे त्याला भाव. त्यात पट्टी छोटी, म्हणजे बीएम२५ या गुण देण्याच्या सूत्राच्या हिशोबात आणखी वर. तिन्हीकडचे निकाल एकत्र येतात तेव्हा हेच गुण तसेच धरून क्रम लागतो. बेरीज-वजाबाकी कुठेच चुकलेली नव्हती, तरी उत्तर चूक! इतक्या वर्षांत अशी गंमत मी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहत होते.

त्या वेळेपुरता इलाज म्हणून शोधाचा प्रकार ‘डीएफएस क्वेरी देन फेच’ केला. त्यात आधी सगळ्या शार्डांकडून शब्दांची आकडेवारी गोळा होते, मग सगळ्यांना एकाच मापाने गुण. एक हेलपाटा वाढतो, पण हळद वर आली आणि दिवाणजींनी गिऱ्हाइकाला गेल्या हंगामातला दर वाचून दाखवला.

मूळ दुखणं तसंच होतं. हळदीच्या हंगामात एकाच सर्व्हरवर सगळा भार, बाकीचे दोन रिकामे. माझं मत विचाराल तर शोधायची माहिती थोडी असेल तर वाटण्या करूच नयेत. २०१९ च्या सातव्या आवृत्तीपासून इलॅस्टिकसर्चही न सांगता एकच शार्ड देतं, आधी पाच द्यायचं. इथे वर्षानुवर्षांच्या पट्ट्या शेऱ्यांसकट होत्या, तेव्हा तीन शार्ड ठेवले. पण पट्टी कुठे जाणार हे आता तिच्या क्रमांकाचा हॅश (क्रमांकावरून सूत्राने काढलेला आकडा) ठरवतो. हॅशला शार्डांच्या संख्येने भागायचं आणि बाकी बघायची. म्हणूनच ती संख्या मागाहून सहज बदलता येत नाही. माल असा मिसळला की प्रत्येक शार्डात शब्दांचं प्रमाण साधारण सारखं पडतं, आणि तो जादा हेलपाटाही लागत नाही.

याचीही किंमत आहेच: आता प्रत्येक शोध तिन्हीकडे जातो, आणि सगळ्यात संथ शार्डाचं उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून प्रत्येक शार्डाची एक प्रत दुसऱ्या सर्व्हरवर ठेवली. रात्रभर पट्ट्या नव्या इंडेक्समध्ये भरल्या आणि दुसऱ्या दिवशी सौदे सुरू व्हायच्या आत शोध तिकडे वळवला.